गाडी म्हातारी झाली म्हणून धूर सोडते का?

2023 च्या गणपतीला मसुऱ्याला पोचलो, तेव्हा घरात दोन पक्ष पडले होते. विषय होता काकांची पद्मिनी. एक पक्ष म्हणत होता, आता भंगारात द्या. दुसऱ्या पक्षात एकटे काका होते.

मी आल्याआल्या पहिल्या पक्षात गेलो, आणि दुसऱ्याच दिवशी मला पुरावाही मिळाला. काका पुढे गाडीत, मी मागे स्कूटरवर, असे आम्ही कणकवलीहून सामान घेऊन येत होतो. एका घाटीचा उतार संपला, काकांनी पुन्हा ॲक्सिलरेटर दाबला आणि सायलेन्सरमधून निळसर धुराचा लोट थेट माझ्या तोंडावर आला. वास जळक्या तेलाचा. दोन-चार सेकंदांत धूर विरला. पुढचा उतार संपला, पुन्हा तेच.

घरी आल्यावर मी म्हटलं, "काका, गाडी म्हातारी झालीय. धूर सोडतेय."

काका शांतपणे म्हणाले, "मी पन म्हातारो झालंय. मी खंय धूर सोडतंय?"

सगळे हसले. पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. गाडी 1988 ची. खाजगी गाडीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढे दर पाच वर्षांनी तपासणी करून ती वाढवून घ्यावी लागते. काकांची मुदत डिसेंबरात संपत होती. या नूतनीकरणाला पूर्वी 600 रुपये लागायचे, एप्रिल 2022 पासून 5000 लागू लागले होते. वर दुरुस्तीचा खर्च वेगळा. मी पुण्यात सॉफ्टवेअर लिहितो. जुनी सिस्टीम सांभाळायची की फेकून देऊन नवी लिहायची, हा वाद आमच्याकडे आठवड्यातून एकदा तरी होतो. त्यात मी बहुतेक वेळा फेकून देणाऱ्यांच्या बाजूने असतो.

मग काकांनी डॅशबोर्डच्या कप्प्यातून पीयूसीचा कागद काढला. तारीख ताजी, निकाल पास. "बघ, सरकार काय म्हणता?"

इथे मी अडकलो. मी डोळ्यांनी पाहिलेला धूर खरा होता. कागदही खरा होता. मग चुकत काय होतं?

मेस्त्रीचे तीन प्रश्न

काकांचे मेस्त्री कणकवलीच्या रस्त्यावर एका शेडमध्ये काम करतात. वय सत्तरीच्या आसपास. मी सांगायला सुरुवात केली, "मेस्त्रीनू, गाडी पस्तीस वर्षांची झाली, त्यामुळे..." त्यांनी हातानेच थांबवलं.

"इंजिनाचा वय विचारूक नाय मी. धूर कसलो, केवा येता, वास कसलो, ता सांग."

बॉनेटला त्यांनी हातही लावला नव्हता. रंग, वेळ आणि वास. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही नव्या मुलांना नेमकं हेच शिकवतो: 'ॲप चालत नाही' असं सांगू नका. काय दिसलं, केव्हा दिसलं आणि पुन्हा कसं घडवून आणता येईल ते सांगा.

मेस्त्रींनी नंतर चहा पिता पिता जे सांगितलं ते मी माझ्या शब्दांत मांडतो, कारण जुनी गाडी असलेल्या कुणालाही ते उपयोगी पडेल.

काळा धूर म्हणजे पेट्रोल जास्त, हवा कमी. सगळं पेट्रोल नीट जळत नाही आणि काजळी बाहेर पडते. वास कच्च्या पेट्रोलचा येतो. एअर फिल्टर चोंदलाय, चोक अडकलाय की कार्ब्युरेटरमधल्या फ्लोटची पातळी बिघडलीय, हे बघायचं. बहुधा हा स्वस्तातला आजार.

पांढरा धूर दोन प्रकारचा. गाडी सुरू केल्यावर थोडा वेळ दिसून विरतो तो धूर नव्हेच, ती पाण्याची वाफ. पण इंजिन तापल्यावरही दाट पांढरं येतच राहिलं, रेडिएटरचं पाणी रोज कमी होऊ लागलं आणि ऑइल भरायच्या झाकणाखाली दुधाच्या चहासारखा फेस दिसला, तर हेड गॅस्केट गेलंय. पाणी सिलिंडरमध्ये शिरतंय. अशी गाडी चालवायची नाही.

निळा धूर म्हणजे इंजिन ऑइल जळतंय. ते सिलिंडरमध्ये शिरायच्या वाटा दोन. एक खालून: पिस्टनच्या रिंगा झिजल्या की भिंतीवरचं ऑइल नीट खरवडलं जात नाही, ते वर राहतं आणि जळतं. दुसरी वरून: व्हॉल्व्हची दांडी ज्या नळीत वरखाली होते ती नळी, म्हणजे व्हॉल्व्ह गाइड, सैल झाली की तिच्यातून ऑइल खाली झिरपतं. पहिल्या दुखण्यात सगळं इंजिन उतरवावं लागतं. दुसऱ्यात फक्त वरचं हेड काढून भागतं. खर्चात मोठा फरक आहे आणि धुराचा रंग मात्र तोच.

मग ओळखायचं कसं? वेळेवरून. चढावर, ओझं असताना निळा धूर सतत येत असेल तर संशय रिंगांवर. लांब उतारावर पाय काढून गाडी सोडली आणि खाली आल्यावर ॲक्सिलरेटर दाबताच एक लोट आला, तर संशय गाइडवर. कारण साधं आहे. उतारावर थ्रॉटल बंद असतो, पण चाकं इंजिनाला जोरात फिरवत असतात. इंजिन हवा ओढायला बघतं, हवा मिळत नाही, त्यामुळे आत जोरदार पोकळी तयार होते. ती पोकळी सैल गाइडमधून ऑइल खेचून घेते. थ्रॉटल उघडला की साठलेलं ऑइल एकदम जळतं.

म्हणजे माझ्या तोंडावर आलेल्या लोटात निदान होतं. मला त्यात फक्त म्हातारपण दिसलं होतं.

आणि पीयूसीचं कोडंही इथेच सुटलं. पेट्रोल गाडीची पीयूसी करताना ती न्यूट्रलमध्ये, उभ्या जागी, आयडलिंगवर ठेवतात. सायलेन्सरमध्ये नळी घालून दोन आकडे घेतात: कार्बन मोनॉक्साइड किती टक्के आणि हायड्रोकार्बन किती पीपीएम. काकांच्या पिढीच्या गाड्यांना मर्यादा 3 टक्के आणि 1500 पीपीएम. भारत स्टेज 2 आणि 3 च्या पेट्रोल गाड्यांना ती 0.5 टक्के आणि 750 पीपीएम आहे. या चाचणीत उतार नसतो, त्यामुळे ती पोकळीही नसते आणि लोटही येत नाही. यंत्र खोटं बोललं नव्हतं. आमचा बग त्या टेस्टमध्ये उठतच नव्हता.

धूर मोजायची गोष्ट

त्या रात्री आरती झाल्यावर मी फोनवर वाचत बसलो. कायद्याने धूर मोजायला सुरुवात केव्हा केली? मोटारी यायच्या आधीच, हे तेव्हा कळलं. धूर गिरण्यांचा होता.

मुंबईच्या धुराशी आमच्या घराचं नातं जुनं आहे. काकांचे वडील, म्हणजे माझे आजोबा, मसुऱ्याहून बोटीने मुंबईला गेले आणि गिरणीत लागले. मालवण तालुक्यातल्या घरोघरची ही गोष्ट आहे. त्यांच्याही आधी, 1912 साली, मुंबई सरकारने धुराच्या उपद्रवाचा कायदा केला होता. चिमणीतून निघणाऱ्या धुराला मर्यादा घालणारा.

पण मर्यादा घालायची तर आधी मोजायला हवं. त्यासाठी जगभर जी रीत रूढ झाली ती मॅक्सिमिलियन रिंगेलमन या फ्रेंच प्राध्यापकाची. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी त्यांनी एक तक्ता तयार केला. पांढऱ्या कागदावर काळ्या रेघांची जाळी. पहिल्या चौकोनात 20 टक्के काळं, दुसऱ्यात 40, असं करत पाचवा पूर्ण काळा. निरीक्षकाने तक्ता लांब धरायचा, चिमणीकडे बघायचं आणि धूर कितव्या चौकोनासारखा दिसतो ते लिहायचं. ना वीज, ना यंत्र. कुणालाही शिकवता येईल अशी ही युक्ती होती.

तिची मर्यादाही उघड आहे. तक्ता काळेपणा मोजतो. काकांच्या गाडीचा निळा लोट त्यात बसत नाही. कार्बन मोनॉक्साइडला तर रंगच नसतो. आणि धूर किती काळा आहे हे तक्ता सांगतो, का काळा आहे ते सांगत नाही.

डिझेल गाड्यांच्या धुराची चाचणी याच तक्त्याची वंशज म्हणायला हरकत नाही. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून ॲक्सिलरेटर झटकन पूर्ण दाबायचा, निघालेल्या धुरातून प्रकाश सोडायचा आणि किती प्रकाश अडला ते बघायचं. जुन्या डिझेल गाड्यांना मर्यादा 65 हार्ट्रिज युनिट, जिथे 0 म्हणजे स्वच्छ हवा आणि 100 म्हणजे पलीकडचं काहीच दिसत नाही. निरीक्षकाच्या डोळ्याची जागा सेन्सरने घेतली. प्रश्न मात्र तोच राहिला: किती?

काकांची मुंबई

मेस्त्री 'का' विचारतो आणि कायदा 'किती' विचारतो. पण 'किती' मोजणंही जमेनासं झालं तर? काका अशाच काळात मुंबईत टॅक्सी चालवत होते.

पद्मिनी मुंबईचीच लेक. सोलापुरात जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी 1944 साली प्रीमियर ऑटोमोबाइल्स काढली. कुर्ल्याच्या कारखान्यात 1954 पासून फियाट 1100 तयार होऊ लागली. साठच्या दशकात तिचं 1100 डी हे मॉडेल इथे 'डिलाइट' म्हणून आलं आणि 1974 च्या सुमारास तिलाच 'प्रीमियर पद्मिनी' हे नाव मिळालं. इंजिन 1089 सीसीचं, चार सिलिंडरचं. गिअरचा दांडा स्टिअरिंगला. इटलीत ती गाडी केव्हाच बंद झाली, आपल्याकडे मात्र नव्या शतकाच्या उंबरठ्यापर्यंत बनत राहिली. मुंबईत काळीपिवळी म्हणजे पद्मिनी, असं समीकरणच होतं. पुढे डिझेल स्वस्त म्हणून बऱ्याच टॅक्सींत डिझेल इंजिनं बसली. काकांनीही बसवलं.

"सायनच्या सिग्नलाक उभो रवलंय की डोळ्यांतसून पानी येय," काका सांगतात. "फुडच्या गाडीचो धूर माका, माझो मागच्याक."

1998 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीत जुन्या टॅक्सी आणि रिक्षा हटवून बससेवा सीएनजीवर नेण्याचे आदेश दिले. 1999 साली मुंबई उच्च न्यायालयात 'स्मोक अफेक्टेड रेसिडेन्ट्स फोरम विरुद्ध मुंबई महानगरपालिका' हे प्रकरण उभं राहिलं. नावातच तक्रार आहे: धुराने बाधित रहिवासी. न्यायालयाने परिवहन आयुक्त व्ही. एम. लाल यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली. पुढच्या आदेशांचा टॅक्सीवाल्यांपुरता अर्थ असा होता, की ठरावीक वयापुढच्या टॅक्सीने सीएनजीवर जायचं, नाहीतर रस्त्यावरून उतरायचं.

मला आधी हा निव्वळ आळस वाटला. वय म्हणजे काही निदान नव्हे. नीट राखलेलं जुनं इंजिन स्वच्छ असू शकतं आणि हेळसांड झालेलं पाच वर्षांचं इंजिन काळं ओकू शकतं. वयाच्या नियमात पहिलं बळी जातं आणि दुसरं सुटतं.

पण थोडा वेळ मी न्यायालयाच्या जागी बसून पाहिलं. शहरात हजारो टॅक्सी. प्रत्येकीला मेस्त्री मिळेल, तो तिला उतारावर नेऊन सोडेल, रंग बघेल, कॉम्प्रेशन मोजेल? आणि हे दर सहा महिन्यांनी? शिवाय रॉकेलची भेसळ असेल तर चांगलं इंजिनही उद्या धूर सोडेल. नोंदणीच्या पुस्तकातलं साल मात्र कोणताही कारकून वाचू शकतो आणि त्यात लबाडी करणं कठीण. आम्ही कोडमध्ये हेच करतो. खरी तपासणी महाग असली की तिच्या जागी एक स्वस्त अट टाकतो. ती काही वेळा चुकणार हे माहीत असतं. फक्त कुणाच्या बाबतीत चुकणार, हे अट लिहिताना डोळ्यांसमोर नसतं.

काकांना मी विचारलं, तुम्हाला या आदेशाने टॅक्सी सोडायला लावली का? ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "माका कोणी उतरवूक नाय. मीच उतरलंय. वीस वर्सां धूर खाल्लंय मी. त्येंचा काय चुकला?"

2001 साली त्यांनी टॅक्सी विकली, एका ओळखीच्या माणसाकडून ही पेट्रोलवरची 1988 ची खाजगी पद्मिनी घेतली आणि ती चालवत मसुऱ्याला आले ते कायमचे.

चमचाभर ऑइल

दिवाळीच्या आधी बातमी आली. मुंबईतली शेवटची पद्मिनी टॅक्सी 29 ऑक्टोबर 2003 रोजी ताडदेव आरटीओत नोंदली गेली होती. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा. म्हणजे 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत एकही पद्मिनी टॅक्सी अधिकृतपणे उरली नाही. लोकांनी फोटो टाकले, आठवणी लिहिल्या. काकांनी पेपर बाजूला ठेवला आणि मला फोन केला. "दिवाळीक येतलंस मा? मेस्त्री गाडी तपासतलो."

मी गेलो. यावेळी कुठल्या पक्षात नव्हतो, बघायला गेलो होतो.

आधी मेस्त्रींनी मला मागे स्कूटरवर बसवलं आणि गाडी त्याच घाटीवर नेली. चढताना धूर जवळजवळ नाही. उतार संपल्यावर लोट. तीनदा केलं, तीनदा तेच.

मग शेडमध्ये चारही स्पार्क प्लग काढले. दोन कोरडे तपकिरी, दोन काळे तेलकट. कॉम्प्रेशन गेज लावून एकेक सिलिंडर मोजला: 125, 120, 130, 125 पीएसआय. नंतर प्रत्येक सिलिंडरमध्ये प्लगच्या भोकातून चमचाभर इंजिन ऑइल सोडलं आणि परत मोजलं. युक्ती अशी: रिंगा झिजल्या असतील तर ते ऑइल काही क्षण फट बुजवतं आणि आकडा चांगलाच वर उडतो. आमचे आकडे पाच-सहाने वाढले, बस.

"रिंगा बऱ्यो आसत," मेस्त्री म्हणाले. "हेड उतरव."

हेड उतरलं. मेस्त्रींनी एक व्हॉल्व्ह थोडा उचलून माझ्या हातात दिला आणि हलवायला सांगितलं. तो गाइडमध्ये डावीकडे-उजवीकडे चक्क डुगडुगत होता. इतकंच दुखणं. नवे गाइड लेथवाल्याकडून बसवून, रीमर फिरवून घेतले, व्हॉल्व्ह घासून बसवले, नवं गॅस्केट टाकलं. चार दिवसांनी मी पुन्हा स्कूटरवरून मागे गेलो. उतार संपला, काकांनी ॲक्सिलरेटर दाबला. सायलेन्सरमागे काहीच दिसलं नाही.

जे दिसत नाही ते

गोष्ट इथे संपवली असती तर 'मेस्त्री जिंकला, कायदा हरला' असं छान म्हणता आलं असतं. पण ते अर्धंच खरं होईल.

1950 च्या दशकाच्या सुरुवातीला कॅलिफोर्नियात आरी हागेन-स्मिट या रसायनतज्ज्ञाने दाखवून दिलं, की लॉस एंजेलिसच्या डोळे चुरचुरवणाऱ्या धुरक्यामागे मोटारींतून आणि तेल कारखान्यांतून निघणाऱ्या न दिसणाऱ्या वायूंचा हात आहे. हायड्रोकार्बन आणि नायट्रोजनची ऑक्साइडं उन्हात एकत्र आली की ओझोन तयार होतो. म्हणजे सायलेन्सरमागे काही दिसत नाही, याचा अर्थ काही येत नाही असा नाही.

यावरचा उपाय कॅटॅलिटिक कन्व्हर्टर. आपल्याकडे चार महानगरांत नव्या पेट्रोल गाड्यांना तो एप्रिल 1995 पासून सक्तीचा झाला, आणि त्याच्यासाठी शिसेविरहित पेट्रोलही आलं, कारण शिसं कन्व्हर्टर निकामी करतं. देशभरातून शिसेयुक्त पेट्रोल 2000 साली गेलं. काकांची गाडी 1988 ची. तिच्यात कन्व्हर्टर कधी नव्हताच. गाइड कितीही नवे बसवा, तिचा न दिसणारा धूर आजच्या गाडीपेक्षा जास्तच राहणार. पीयूसीची तिची मर्यादा सैल आहे ती म्हणूनच.

तेव्हा मला वयाच्या नियमातली दुसरी बाजू दिसली. नोंदणीचं साल झीज किती झाली ते सांगत नाही, पण गाडी कोणत्या पिढीच्या तंत्रज्ञानाची आहे ते नक्की सांगतं. झीज मेस्त्री दुरुस्त करू शकतो. पिढी नाही. कोंडलेल्या सायनच्या सिग्नलवर हजारोंच्या संख्येने ही पिढी उभी राहणं आणि मसुऱ्यात आठवड्याला एकदा एक गाडी निघणं, यात फरक आहे. तो फरक मुंबईच्या नियमाला पाळता आला नसता. घरातल्या माणसाला पाळता येतो.

काकांना हे सगळं मी ओटीवर बसून समजावलं. ते ऐकून घेत होते. शेवटी त्यांनी स्वतःच ठरवलं: रोजच्या बाजाराला रिक्षा. पद्मिनी निघणार ती आंगणेवाडीच्या जत्रेला, दवाखान्याला आणि मला कणकवली स्टेशनवर सोडायला.

डिसेंबरात पहाटे आम्ही ओरोसला तपासणीसाठी निघालो. गड नदीवर धुकं होतं. काकांनी स्टार्टर मारला आणि सायलेन्सरमधून पांढरं काहीतरी भसाभसा बाहेर आलं. मी दचकून म्हटलं, "काका, धूर!"

"धूर न्हय तो, वाफ. हात धर बघू."

मी सायलेन्सरपासून हातभर लांब तळवा धरला. ओला झाला. एक लिटर पेट्रोल जळलं की जवळपास तेवढंच पाणी तयार होतं. गरम दिवसात ते दिसत नाही, थंडीत दिसतं. मेस्त्रींनी हे मला सांगितलं होतं, तरी विसरलो होतो.

तपासणी झाली, नोंदणी 2028 पर्यंत वाढली. डॅशबोर्डच्या कप्प्यात पीयूसीच्या कागदाशेजारी आता एक छोटी वही असते. दर महिन्याला किती किलोमीटर चालली, डिपस्टिकवर ऑइल कुठे होतं, किती घालावं लागलं, हे काका त्यात लिहितात. मागच्या खेपेला मी ती उघडून पाहिली. शेवटच्या चार नोंदी सारख्याच होत्या: 'तेल घालूक नाय.'